कोकणातल्या घराच्या परसात रानातली जनावरं येतात, तेव्हा

मुंबई-पुण्याची नोकरी संपवून गावच्या घरी कायमचे राहायला येणारे, किंवा वीस-तीस गुंठे घेऊन नवं घर बांधणारे, सगळी चौकशी करून येतात. विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं, लाईट किती वेळा जाते, पावसात रस्ता टिकतो का. रात्री मागल्या दारी कोण येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. पहिला फणस पिकला की उत्तर आपोआप मिळतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या माळाच्या) उताराला असलेल्या वाडीत राहते. आमच्या वाडीत नव्याने आलेल्या प्रत्येक घराने तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारलेत, म्हणून ते इथे लिहून काढले. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. जनावर तुमच्यावर डूख धरून येत नाही. तुमच्या आवारात त्याला काहीतरी मिळतं, म्हणून येतं. ते काय आहे हे शोधणं हे निम्मं काम, आणि ते हाकलण्यापेक्षा खूप सोपं आहे.

1. आधी कोण येतंय ते ओळखा

“काहीतरी येतं” एवढ्यावर उपाय करता येत नाही. सकाळी केर काढायच्या आधी परसात एक फेरी मारा. माती ओली असेल तर सगळं लिहून ठेवलेलं असतं.

सुरण, अळू, कणगर यांच्या वाफ्यातली माती नांगरल्यासारखी उलथी-पालथी झाली असेल, तर ते रानडुक्कर. माडाचं किंवा सुपारीचं कोवळं रोप बुंध्याशी कुरतडून आडवं केलं असेल, तर साळिंदर. आजूबाजूला शोधा, पांढरा-काळा काटा सापडतो. (साळिंदर काटे फेकून मारतं ही थाप आहे. ते पाठ वळवून मागे सरकतं आणि काटे रुततात. तुमच्या कुत्र्याला हे माहीत नसतं.)

विहिरीच्या कठड्यावर किंवा गडग्यावर (दगड रचून केलेल्या कुंपणावर) ठरलेल्या जागी बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर तो कांडेचोर, म्हणजेच उदमांजर. भेरली माडाची फळं, चिकू, पपई, केळी हे त्याचं खाणं. रात्री परसात अचानक बासमतीच्या भातासारखा वास सुटला की शेजारचे म्हणतील, “साप आहे, दार लावा.” सापाला तसला वास नसतो. तो वास या कांडेचोराचा असतो.

बिबट्याचा ठसा गोलसर आणि त्यात नखं उमटलेली नसतात, कारण मांजरासारखीच तो नखं आत ओढून चालतो. कुत्र्याचा लांबट असतो आणि नखांची टोकं स्पष्ट दिसतात. दहातले नऊ “बिबट्याचे ठसे” मोठ्या कुत्र्याचे निघतात. तरी शंका असेल तर ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि वनरक्षकाला पाठवा.

कौलांवर रात्री धडधड होत असेल आणि सकाळी चार कौलं सरकलेली असतील, तर उंदीर नाही, कांडेचोर किंवा मांजर. दिवसा कौलं फुटत असतील तर वानरं, त्यात ओळखण्यासारखं काही नाही.

पैसे असतील तर मागल्या दारी हालचालीवर सुरू होणारा एक साधा कॅमेरा लावा. चोरांपेक्षा यासाठीच त्याचा जास्त उपयोग होतो.

2. आमिष काढून टाका

हाच लेखातला मुख्य भाग आहे. घाई असेल तर एवढाच वाचा.

मासळी. बाजारातून बांगडे, सौंदाळे आणले, मागल्या दारी साफ केले, खवले आणि आतडी केळीच्या बुंध्याशी टाकली. केळीला खत म्हणून हे उत्तम, पण वर टाकलं की रात्री कोल्हा, मांजर, भटकी कुत्री, सगळी येतात. आणि कुत्री आली की कुत्र्यांसाठी बिबट्या येतो. ही साखळी नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. मासळीची घाण कोपरभर खोल खड्ड्यात पुरा, वर माती आणि त्यावर एखादा चिरा (जांभ्याचा घडीव दगड) ठेवा. कोंबडीची पिसं-आतडी तर कधीच उघड्यावर टाकू नका. गावात चिकनचं दुकान असेल आणि ते ओढ्यात कचरा टाकत असेल, तर तो विषय ग्रामसभेत काढा. तुमच्या एकट्याच्या परसातून तो सुटणार नाही.

फळं. झाडाखाली पडून कुजलेला फणस, काजूची बोंडं, रातांबे, चिकू. मार्च ते जूनमध्ये दर संध्याकाळी पडझड गोळा करायची सवय लावा. फणस पिकायची वाट न बघता उतरवा. आंबोण नाही, गुरं नाहीत, मग बोंडांचं करायचं काय, असं विचारणारे असतात. घरापासून लांब खड्ड्यात टाकून मातीने झाका, किंवा ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना द्या. ते आनंदाने नेतील.

गुरं-कोंबड्या. कोंबड्यांचं खुराडं बाजारातल्या षटकोनी जाळीने बांधलं तर ती फक्त कोंबड्यांना आत ठेवते. मुंगूस, कांडेचोर, अजगर यांना बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, खाली चिऱ्याची किंवा कोब्याची जमीन करा, आणि दाराला आकड्याऐवजी खिट्टी लावा. शेळ्या असतील तर गोठ्याला चारही बाजूंनी भिंत आणि वरही छप्पर हवं. नुसत्या पडवीत बांधलेली शेळी बिबट्याला दावणीसकट मिळते.

कुत्रा. कोकणात कुत्रा अंगणात साखळीला बांधून ठेवायची पद्धत आहे, आणि बिबट्याने नेलेल्या कुत्र्यांमध्ये बांधलेलेच जास्त असतात. रात्री त्याला घरात किंवा बंद खोलीत घ्या. “मग राखण कोण करणार?” हा प्रश्न येतोच. घरातून भुंकला तरी तुम्हाला ऐकू येतं.

अडगळ. मागल्या भिंतीला टेकून रचलेली लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, उरलेले चिरे, जुनी कौलं, पेंढ्याची उडवी. इथे उंदीर राहतात, आणि उंदरांमागे साप येतात. हे सगळं घरापासून दहा-पंधरा पावलांवर, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर ठेवा.

3. कुंपण, छप्पर आणि विहीर

जांभ्याचा गडगा सुंदर दिसतो आणि डुकराला अडवत नाही. ते एखादा सैल चिरा शोधून ढकलतं. गडग्याच्या पायथ्याशी फटी बुजवा आणि आतून दोन फूट उंचीची जाड तारेची जाळी लावा, जाळीचा वीतभर भाग जमिनीत गाडलेला असावा. घायपात किंवा करवंदीचं दाट वई-कुंपण चांगलं, पण त्याला काही वर्षं द्यावी लागतात.

सौर कुंपणाबद्दल सगळे विचारतात. त्यात झटका क्षणभराचा, ठरावीक अंतराने येणारा असतो. जनावर दचकतं, मरत नाही. पण कोकणातलं गवत विसरू नका. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत कापलं नाही, तर ओलं गवत तारेला टेकून सगळा झटका जमिनीत जातो आणि तुम्ही महागड्या दोऱ्या बांधून बसलेले असता. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून या कुंपणाला अनुदान मिळतं. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे वनपालाला विचारा. विक्रेत्याला विचारू नका.

घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडायची नाही. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. त्यात जनावर मेलं तर वन्यजीव कायदा लागतो. माणूस मेला तर सदोष मनुष्यवध. आणि आपल्याकडे पहाटे अंधारात पायवाटेने जाणारं माणूस शेजारचंच असतं.

माळ्यावर कांडेचोराने बिऱ्हाड केलं असेल, तर आधी पिल्लं आहेत का ते दिवसा बॅटरी घेऊन बघा. असतील तर महिना-दोन महिने थांबा. आई बाहेर आणि पिल्लं आत अशा वेळी फट बुजवली, तर रात्रभर ती कौलं उचकटत बसते. पिल्लं नसतील तर अंधार पडल्यावर तो बाहेर गेला की वाशांच्या टोकांची भोकं जाळीने बंद करा. घरावर टेकलेल्या फांद्याही तेव्हाच छाटा. त्याचा रस्ता तोच असतो.

उंदीर माडावर चढून कोवळे नारळ पोखरतात. खोडाला पुरुषभर उंचीच्या वर हातभर रुंद पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळा. शेजारच्या झाडाच्या झावळ्या माडाला टेकत असतील तर हा खर्च फुकट.

विहिरीला कठडा नसेल तर या उन्हाळ्यातच बांधा. चार फूट उंच, आणि वर जाळी. कोकणात दर वर्षी कुठल्या ना कुठल्या उघड्या विहिरीत बिबट्या पडतो, बहुतेक वेळा कुत्र्याच्या मागे धावताना. तुमच्या विहिरीत पडला तर आधी वन विभागाला फोन करा आणि मग गर्दी मागे हटवा. लोकांचा आरडाओरडा सुरू असेपर्यंत सोडलेल्या पिंजऱ्यात तो शिरत नाही. पथक यायला वेळ असेल आणि तो पाण्यात थकत असेल, तर दोराला बांधून लाकडी फळी किंवा ओंडका खाली सोडा, म्हणजे टेकायला आधार मिळतो. शिडी सोडू नका. वर आला तर समोर तुम्हीच असाल.

4. वानरं आणि माकडं

ही दोन वेगळी. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं झाडावरचं खातात: मोहर, कोवळी पालवी, शेंगा, शहाळी. लाल तोंडाची माकडं त्याशिवाय स्वयंपाकघरातही येतात, डबे उघडतात आणि हातातली पिशवी ओढतात. माकडांसाठी खिडक्यांना जाळी, हा एकच टिकाऊ उपाय.

बुजगावणं, वाघाचं चित्र, जुन्या सीड्या, मोठ्याने लावलेला रेडिओ, सगळं दोन-चार दिवस चालतं. टोळीला कळलं की संपलं. चालतं ते हे: टोळी गडग्यावर दिसताच बाहेर पडायचं, दर वेळी, आणि आवाज करायचा. म्हणजे माणसाने राखण करायची. कंटाळवाणं आहे, पण गावातल्या बागा अशाच राखल्या गेल्या आहेत. जे शनिवार-रविवारचेच गावी येतात, त्यांनी घराजवळ पेरू, पपई, चिकू लावून वानरांवर रागावू नये. हळद, आलं, मिरी, जायफळ लावावं.

खायला घालू नका. हनुमान म्हणून घातलेलं एक केळं पुढच्या वर्षी साऱ्या वाडीला भोवतं.

5. बिबट्या

बिबट्या दिसला म्हणजे तो नरभक्षक झाला, असं नाही. बहुतेक वेळा तो वाडीतून रात्री पलीकडे जात असतो, आणि तुम्ही यायच्या आधीही जात होता.

समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे या. लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या. संध्याकाळनंतर मुलांनी एकट्याने परसात जायचं नाही, आणि बाहेरच्या संडासापर्यंत दिवा हवा. उघड्यावर बसलेला माणूस त्याला माणसाच्या आकाराचा वाटत नाही.

मग “पिंजरा लावा” अशी मागणी होते. माझं मत विरोधी आहे, आणि त्याला कारण आहे. जुन्नर भागात 2001 नंतर मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. जागचा बिबट्या हलवला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि हलवलेला अनोळखी मुलखात बिथरतो. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा निर्णय वन विभागाचा.

6. साप

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर त्यातलं फुरसं सगळ्यांत जास्त भेटतं. वीत-दीड वीत लांब, मातकट, दगडाखाली वेटोळं करून बसतं आणि चिडलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. चिरा उचलताना आधी पहारीने उलटा करा, हात घालू नका. गवत कापायला गमबूट घाला.

चावलं तर: पळायचं नाही, हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवायचा, 108 ला फोन. घट्ट आवळपट्टी नाही, ब्लेडने चिरा नाही, भगत नाही. फुरशाच्या दंशाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे केलेली प्रत्येक चीर वाहतच राहते. प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालतं. सगळ्यांत जवळच्या सरकारी रुग्णालयात ते असतं का, हे आजच जाऊन विचारून या. सापाला मारून बरोबर न्यायची गरज नाही.

धामण दिसली तर राहू द्या. उंदीर खाते.

7. फासकी, गावठी बॉम्ब आणि बंदूक

कामाला येणारा गडी सहज म्हणेल, “ताई, दोन फासकी लावतंय कुंपणाला, डुक्कर परत यायचा नाय.” नाही म्हणा, आणि तो लावून गेला नाही ना हे कुंपण फिरून बघा. क्लच वायरच्या या फाशात कोकणात दर वर्षी बिबटे अडकतात. फास तुमच्या हद्दीत सापडला तर चौकशी तुमच्यापासून सुरू होते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, 2022 च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या. बिबट्या, गवा, खवले मांजर यांसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. डुकरासाठी खाण्यात लपवून ठेवलेल्या गावठी बॉम्बने तर गुरांचे आणि माणसांचे जबडे उडतात. शेती संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

खवले मांजर परसात दिसलं तर लांब उभं राहून बघा. हात लावलात की ते चेंडू होऊन बसतं आणि पिशवीत भरणं सोपं होतं, तस्करांना तेच हवं असतं. “एवढे लाख मिळतात” असं कुणी येऊन बोलू लागला, तर त्याच दिवशी वन विभागाला कळवा.

8. तब्येतीचं

कोल्हा, मुंगूस, माकड, कुत्रा यांनी चावा किंवा ओरखडा दिला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद-चुना नाही. मग त्याच दिवशी रेबीजची लस, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे पसरतो. काजूच्या हंगामात जंगलालगत जाणार असाल तर अंग झाकणारे कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

नदीकाठी घर असेल, विशेषतः चिपळूणला वाशिष्ठीच्या किंवा महाडला सावित्रीच्या काठी, तर पूर ओसरल्यावर परसातल्या डबक्यात उतरण्याआधी काठीने हलवून बघा. या नद्यांत मगरी आहेत. दोडामार्गकडे जागा घेणाऱ्यांनी हत्तींची चौकशी सौदा करण्याआधीच करावी, त्यांच्यापुढे वरचं कुठलंच कुंपण टिकत नाही.

9. नुकसानभरपाई: कागद आधी, जनावर नंतर

रानडुक्कर, गवा, हत्ती, वानर यांनी केलेलं पिकाचं नुकसान आणि बिबट्याने मारलेली गुरं-शेळ्या यांची भरपाई वन विभाग देतो. माणसाचा मृत्यू झाल्यास 25 लाख रुपये. कुत्रा यात धरत नाहीत.

मुदत थोडी असते. पिकाची तक्रार 3 दिवसांच्या आत, गुरं मेल्याची 48 तासांत. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवू नका, उद्ध्वस्त वाफा नीट करू नका. हे सगळ्यांत जास्त चुकतं, कारण घरच्या माणसाला ते बघवत नाही.

तयार ठेवायचं:
- चालू वर्षाचा सातबारा आणि 8 अ
- आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत
- तारीख-वेळ दिसेल असे फोटो, त्यात ओळखीची खूण येईल असे
- गुरांसाठी कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र

शेवटचा कागद कोकणाचा खास. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची अकरा नावं, त्यातली सहा मुंबईत, दोघं वारलेले आणि वारस लागलेले नाहीत. नुकसान झाल्यावर सह्या गोळा करायला निघालात तर मुदत कधीच निघून जाते. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हा मोदकांच्या आधी सह्या घ्या.

दुसरी मेख पीकपाहणीची. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाईलवरून स्वतः करायची असते. माड, सुपारी, काजू तुमच्या डोळ्यांसमोर उभे असले तरी सातबाऱ्यावर जमीन पडीक दिसत असेल, तर कागदोपत्री तुमचं काहीच गेलेलं नाही.

अर्ज वनरक्षक किंवा वनपालाकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नुसतं तोंडी “कळवलंय” चालत नाही. बिटाचा वनरक्षक कोण, त्याच्यावर वनपाल कोण आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्याचं कार्यालय कुठल्या गावात आहे, हे गावात आल्याच्या पहिल्या महिन्यात जाऊन विचारा. रत्नागिरी जिल्ह्याचं विभागीय कार्यालय चिपळूणला, सिंधुदुर्गाचं सावंतवाडीला, रायगडात अलिबाग आणि रोहा असे दोन विभाग. वन विभागाची हेल्पलाईन 1926. हा नंबर आणि वनरक्षकाचा मोबाईल नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवा. रात्री दोन वाजता सड्यावर रेंज नसते, त्यामुळे घरात रेंज कुठल्या खिडकीशी येते तेही सगळ्यांना माहीत असू द्या.